भिंतीवरचं वचन आणि गोठ्यातला मेंढपाळ

तलावपाळीला पायी एक चक्कर मारली की कोपिनेश्वर लागतो, गडकरी रंगायतन लागतं आणि सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चही लागतं. मधे मासुंदा तलाव, पायानं हाकायच्या बोटी, भेळेच्या गाड्या, फुगेवाले. संध्याकाळी इथं फिरणाऱ्या गर्दीला ह्या तिन्ही इमारतींचं एकमेकींशी काही देणंघेणं आहे असं वाटत नसणार, आणि वाटायलाच हवं असंही नाही. मला वाटतं, कारण लग्न होऊन ठाण्यात आल्यापासून एक जुना वाद डोक्यात घेऊन मी ह्या तळ्याभोवती फिरते आहे. देवाला गाणं, चित्र, कोरीवकाम लागतं का? आणि लागत असेल, तर ते नीट केलेलं असावं की कसंही चालतं?

वाद घरातलाच आहे. मी नगरकडची, प्रोटेस्टंट. नवरा ठाण्यातला ईस्ट इंडियन, कॅथलिक. बाहेरच्यांना दोन्ही एकच. ‘तुम्ही ख्रिश्चन ना, मग नाताळला केक पाठवा’ इथवरच बहुतेकांची धाव. (ईस्ट इंडियन म्हटलं की लोक बंगालकडे बघतात. मुंबई, ठाणे, वसई पट्ट्यातले हे मूळचेच लोक, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले. गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे आहोत हे इंग्रज सरकारला कळावं म्हणून १८८७ साली त्यांनी हे नाव घेतलं. घरात बोलतात ती मात्र कोळी-आगऱ्यांच्या शेजारची मराठी.) दोन घरांत अंतर किती आहे ते मला सासरच्यांबरोबर पहिल्यांदा मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, गेले तेव्हा कळलं. नजर कुठं ठेवावी हेच समजेना. आल्तारावर, म्हणजे वेदीवर, पुतळे, खिडक्यांत रंगीत काचा, भिंतीवर क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रं, कोपऱ्यात काचेच्या पेटीत निजलेला येशू. आमच्याकडे ह्याला सरळ मूर्तिपूजा म्हणत.

आमच्या गावच्या चर्चमध्ये बघण्यासारखं काही नव्हतंच. चुन्यानं रंगवलेल्या भिंती, एक साधा लाकडी क्रूस आणि त्याच्यामागे निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं वचन: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.’ लिहिणारा पेंटर साखर कारखान्याचे आणि बियाण्यांच्या दुकानांचे बोर्ड रंगवायचा. त्यानं ‘मेंढपाळ’मधल्या ‘ढ’ला असं काही गोल पोट काढलं होतं की लांबलेल्या उपदेशात मी तेवढं एक अक्षर बघत बसायची. एवढंच आमचं चित्र.

बाकी सगळं कानाचं होतं. आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची पेटी, दोघांचे टाळ, एक ढोलकी. उपासना सुरू व्हायच्या आधी भजन, मधे भजन, शेवटी भजन. आणि त्यातली कितीतरी नारायण वामन टिळकांची. शाळेत ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून टिळक एका धड्यापुरते भेटतात. आमच्यासाठी ते रविवारचे होते. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या ह्या माणसानं काय केलं ते समजायला त्याच्या आधीची गाणी म्हणून बघावीत. मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांच्या चाली तशाच ठेवून त्यांत मराठी शब्द बसवले होते. इंग्रजी गाणं आघातावर चालतं, मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर आणि अक्षरांच्या मोजमापावर. त्यामुळे चाल जिथं थांबते तिथं नेमका ऱ्हस्व यायचा आणि गाणारा तो ओढून ओढून लांबवायचा. अर्थ कळायचा, पण जीभ अडखळायची. टिळकांनी अभंग घेतला. मोठ्या अभंगाचा साचा सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. ज्याला तुकोबा म्हणता येतो त्याला हे शिकवावं लागत नाही. आबांना नोटेशन माहीत नव्हतं, कधी लागलंही नाही. शेजारच्या वाडीतले वारकरी दारावरून जाताना थांबायचे, दोन चरण टाळ धरायचे आणि तिसऱ्या चरणाला येशूचं नाव आलं की हसून पुढं जायचे.

तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. ते कीर्तन करत. बालकवी ठोमरे नगरला त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. १९१७ साली मिशनचं वेतन सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. मिशनमधल्या काहींना हे झेपलं नाही, आणि बाहेरच्यांच्या लेखी तर ते आधीच धर्मातून गेलेले होते. रंगायतनावर ज्यांचं नाव आहे ते गडकरी आणि टिळक एकाच वर्षी, १९१९ साली गेले. एक जानेवारीत, एक मे महिन्यात. टिळकांचं अपुरं राहिलेलं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’वर जीव टाकणाऱ्या वाचकांनाही हे सांगितलं की नवल वाटतं. त्यांच्या लक्ष्मीबाई सोवळ्याच्या गोंधळात आणि टिळकांच्या विसराळूपणात रमलेल्या असतात. महाकाव्याचे अध्याय रचत बसलेली बाई त्यांना दिसत नाही.

टिळकांच्याही आधी तीनशे वर्षं फादर स्टीफन्स होऊन गेले. इंग्लंडचा हा जेझुइट पंथाचा पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं, तेही रोमन लिपीत, पण मराठी ओव्यांत. जवळजवळ अकरा हजार ओव्या. जुनी पुराणं सुटलेल्या माणसांना दुसरं पुराण हवं, नुसती प्रश्नोत्तरं पाठ करून पोट भरत नाही, हे त्या परक्या माणसाला उमगलं होतं. मराठीची त्यानं केलेली स्तुती भाषणांत सगळे म्हणतात. मला जास्त कौतुक आहे ते त्याच्या धीराचं. परभाषेत एक ओवी जमवून दाखवणं वेगळं आणि अकरा हजार वेगळ्या.

तर असा कानाचा विश्वास घेऊन मी डोळ्यांच्या घरात आले.

सासूबाईंना माझी दयाच आली. ‘तुमचे देवलान कायीच नाय गो? मग मागायचा कोनाला?’ मी वचनाबद्दल सांगितलं, भजनांबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला डिसेंबरात गोठा करायला बसवलं.

नाताळचा गोठा म्हणजे काय हे मी तोवर फक्त बाहेरून बघितलं होतं. ह्या प्रथेचा मान असिसीच्या फ्रान्सिसला देतात. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यानं खरा पेंढा, खरा बैल आणि खरं गाढव आणून बेथलेहेम उभं केलं, गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. त्यानंतर शंभर वर्षंही लोटली नव्हती तेव्हा, १३२१ साली, ह्याच फ्रान्सिसचे तीन साधू ठाण्यात मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर. त्यांच्याबरोबर तिफ्लिसचा देमेत्रियस, त्यांचा दुभाष्या. पुढं ओडोरिक नावाचा त्यांचाच एक साधू इथं आला, त्यांच्या अस्थी उचलल्या आणि चीनपर्यंत घेऊन गेला. पोर्तुगीज यायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं अवकाश होता. ठाण्यात ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांबरोबर आला असं आम्ही आपसांतही सर्रास बोलतो, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

सासूबाईंना ग्रेच्चोशी कर्तव्य नव्हतं. त्यांचा गोठा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू व्हायचा, मातीच्या पसरट भांड्यांत नाचणी पेरून. चोवीस तारखेला ती बोटभर, पोपटी आणि दाट व्हायला हवी. आधी पेरली तर पिवळी पडून आडवी होते. माझ्या नगरच्या डोळ्यांना ते थेट घटाचं धान्य दिसलं. मी तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग? उगवायचा तं सगल्यांचा सारकाच.’ डोंगर खाकी कागदाचा, खळीत बुडवून, चुरगाळून, वर कोळशाची भुकटी. पेंढा उत्तनच्या नातेवाइकांकडून यायचा, कारण ठाण्यात आता भाताची शेतं शोधावी लागतात.

मग पत्र्याच्या डब्यातून पुतळे निघायचे, एकेक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. प्लास्टर ऑफ पॅरिसचे, वीतभर उंचीचे, सासऱ्यांनी कधीतरी भायखळ्याहून आणलेले. दर वर्षी कुणाचं तरी काही मोडलेलं. मेंढपाळाचा हात कोपरातून गेलेला असला की त्या आगपेटीच्या काडीचा तुकडा आत हाड म्हणून घालायच्या, त्यावर एम-सील, आणि ते ओलं असतानाच सुईच्या टोकानं बोटं पाडायच्या. चार रेघा, अंगठा वेगळा. मग चष्मा कपाळावर सारून रंग. विकत आणले तेव्हा हे सगळे बाहुलीसारखे गुलाबी होते. आता ते गव्हाळ आहेत, एकदोघे चांगलेच सावळे आणि मेंढपाळ तर उत्तनच्या कोणत्याही खलाशाइतका रापलेला. मला वाटलं, ह्यामागे काही विचार असेल. विचारलं, तर म्हणाल्या की गुलाबी बाटली कधीच संपली, आणि ‘असा रंग कोनाचा असते?’

ख्रिस्ती कलेचं भारतीयीकरण ह्या विषयावर मी बरंच वाचलं आहे, परिसंवादही ऐकले आहेत. त्या एका वाक्याइतकं समाधान कशानं झालं नाही.

कारण भारतीयीकरणाचाही साचा होतो. खाली एक कमळ, बाजूला समई, मरियेला साडी, येशूला पद्मासन, की झालं चित्र आपलं. रेषा कच्ची, हात लाकडासारखे, चेहऱ्यावर काही नाही, पण हेतू चांगला म्हणून टाळ्या. आणि दुसरा साचा तर आपल्या सगळ्यांच्या घरांत आहेच: वॉर्नर सॉलमन ह्या शिकागोच्या चित्रकारानं १९४० साली रंगवलेला, सोनेरी उजेडातला, मऊ केसांचा येशू. त्याच्या कोट्यवधी प्रती जगभर निघाल्या, आणि त्याची भावंडं आपल्याकडे दिनदर्शिकांवर, रिक्षांत, दवाखान्यांत टांगली गेली. आमच्या प्रोटेस्टंट नातेवाइकांकडेसुद्धा. पुतळा नको म्हणणाऱ्यांना फोटो कसा चालतो, हे मी आबांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘तो देवाचा नाही, कॅलेंडरचा आहे.’

माझं खरं भांडण ह्या दोन्ही साच्यांशी नाही, त्यांच्यामागून येणाऱ्या एका वाक्याशी आहे: भाव महत्त्वाचा.

जिल्ह्यातल्या एका जुन्या चर्चचं नूतनीकरण झालं. तिथला आल्तार सागवानी होता, त्यावर द्राक्षवेल कोरलेली. पानांच्या शिरा मोजता येतील असं काम, आणि एका घोसामागे कारागिरानं स्वतःच्या हौसेनं एक छोटी गोगलगाय ठेवलेली; माहीत असल्याशिवाय दिसत नसे. आता तिथं ग्रॅनाइट आहे, वर फॉल्स सीलिंग आणि गोल दिवे. लाकूड कुठं गेलं ह्याचं उत्तर कुणाकडे नाही. कमिटीतले एक गृहस्थ मला म्हणाले, ‘देवाला सागवान काय आणि ग्रॅनाइट काय, भाव महत्त्वाचा.’ मला चटकन घंटा आठवल्या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. एक नाशकात नारोशंकराच्या देवळावर आहे, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. त्या ओतणाऱ्याचं काम चोख होतं, म्हणून जिंकणाऱ्यांनी त्या वितळवल्या नाहीत, देवापुढं टांगल्या. आमचा आल्तार कुणी जिंकला नव्हता. तो आम्हीच भंगारात काढला, भाव शाबूत ठेवून.

‘भाव तिथे देव’ हे मलाही मान्य आहे. पण हे वाक्य कोण, कधी म्हणतं बघा. बेसूर गायल्यावर म्हणतात. नाताळच्या नाटकात कुणाचेच संवाद पाठ नसले की म्हणतात. घर बांधताना गवंड्याला कुणी म्हणत नाही की भिंत वाकडी चालेल, भाव महत्त्वाचा.

आणि बायबल स्वतः काय म्हणतं? निर्गमच्या विसाव्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नको अशी आज्ञा आहे. आमचे पाळकसाहेब ती हमखास वाचत. त्याच पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल येतो. तो राजा नाही, संदेष्टा नाही, याजक नाही. सोनं-चांदी-पितळ घडवणारा, पाषाणाला पैलू पाडणारा, लाकूड कोरणारा कारागीर. देव म्हणतो, मी ह्याला माझ्या आत्म्यानं भरलं आहे, बुद्धीनं, समजुतीनं आणि सगळ्या तऱ्हेच्या कसबानं. नाव घेऊन, हा आत्म्यानं भरलेला आहे असं ज्याच्याबद्दल बायबल पहिल्यांदा सांगतं, तो हा बसालेल. म्हणजे कसब हाच त्याचा भाव होता. त्याच्यावर उपदेश मी कधी ऐकला नाही, ना मंडळीत, ना मिस्सात. मूर्ती नको म्हणणारे विसाव्यावर थांबतात आणि मूर्ती हवी म्हणणाऱ्यांना पुतळा तयार मिळत असल्यामुळे एकतिसाव्याची गरज पडत नाही.

गाण्याचंही तेच चाललं आहे. नगरला भाच्याच्या लग्नाला गेले, तर आबांच्या चर्चमध्ये पडदा, प्रोजेक्टर, ड्रमसेट. इंग्रजी गाण्याच्या चालीवर मराठी शब्द आणि ते शब्द पुन्हा तसेच अडखळणारे. ‘करुणा’तला ‘क’ चार मात्रा ओढलेला. शंभर वर्षांपूर्वी टिळकांनी जे सोडवलं ते आम्ही गिटारीसकट परत गुंतवून ठेवलं. गिटारीला माझी हरकत नाही. पोरं मनापासून गात होती, काहींचे डोळे भरले होते, त्याचीही मला थट्टा करायची नाही. पण त्यांच्यातल्या कुणालाही अभंग म्हणता येत नव्हता, आणि येत नाही ह्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

उलट सासरकडे, जिथं चर्चनं कधी मागितलंच नाही, तिथं गाणं टिकलं. लग्नाच्या आदल्या रात्री विहिरीवरून ‘उंबराचं पाणी’ आणायला निघतात तेव्हा बायका घुमट नावाच्या मातीच्या वाद्याच्या तालावर जे म्हणतात ते कुठल्या पुस्तकात नाही. त्यात मरिया माय असते, नवरीचा मामा असतो, मसाला कुटायला न आलेली जाऊ असते, आणि सगळ्यांना एकाच चालीत जागा मिळते. सासूबाई पुढं उभ्या राहायच्या. एकदा त्यांनी चालू वरातीत कडवं मधेच तोडून एका मुलीला दटावलं होतं: ताल सोडू नको, सोडायचा तर गाऊ नको. त्या पाण्यात भाव होताच की, तरीही.

मी ज्यांना मानते ते अँजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) ह्याच जातकुळीचे. गोव्याचे. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले, हात पक्का करून घेतला आणि मग साडीतली मरिया काढली. गोव्यातल्या चर्चच्या लोकांना ती रुचली नाही. मग पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी वर्षानुवर्षं चित्रं काढली. त्यांच्या मरियेच्या साडीबद्दल सगळे बोलतात. मी बघते ती बसण्याची ढब. पुष्कळ चित्रांत त्यांची बायको आयव्ही मॉडेल म्हणून बसली होती, आणि ते कळतं; पोर घेऊन बसलेल्या बाईचं वजन जमिनीवर कसं येतं ते त्यांनी बघून काढलं आहे. साडी काढून घेतली तरी ती बाई इथलीच राहील.

त्यांच्या एका चित्राची प्रत मी फ्रेम करून घरी आणली आणि सासूबाईंच्या छोट्या आल्तारावर, त्यांच्या निळ्या झग्यातल्या मरियेशेजारी ठेवली. संध्याकाळच्या रोझरीच्या आत ती तिथून उचलली गेली. ‘ही मरिया माय नाय गो, ही तं बाय हाय कोनची तरी.’ मी म्हटलं, मम्मी, तुमचा मेंढपाळ तरी कुठं यहुदी दिसतो? त्या म्हणाल्या, मेंढपालाचा काय, तो कोनीपन असते. नवऱ्यानं आधी माझी बाजू घेतली, मग जेवायला बसल्यावर आईची. चित्र स्वयंपाकघराच्या दारापाशी गेलं, फ्रिजच्या वर. तिथंच ते राहिलं. पण घरी कुणी पाहुणी आली आणि तिनं विचारलं की हे कोण, तर मला उत्तर द्यायची संधी त्यांनी कधी दिली नाही. आतूनच ओरडून सांगायच्या: ‘ती पन मरियाच हाय. पुण्याची. सूनबाईची.’